काळ्या रानातली फोर-बाय-फोर : घरच्या गाडीत काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं

मराठवाड्यात फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी) घेणाऱ्या घराने आधी मातीचा हिशोब मांडावा, इंजिनाचा नंतर. बालाघाटच्या माळावर मुरूम आणि काळा दगड, गोदाकाठी आणि दुधना-पूर्णेच्या पट्ट्यात खोल काळी जमीन, नदीपात्रात वाळू, नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या) काठाला गाळ. सकाळी निघालेली गाडी दुपारपर्यंत या चारही गोष्टींतून जाऊ शकते, आणि एकीसाठी जे बरोबर ते दुसरीसाठी चूक ठरतं. त्यातही काळी माती सगळ्यांत अवघड. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आकसतं. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात चाकाभोवती भाकरीएवढा थर. टायरच्या खाचा भरल्या की महागातला टायरही गुळगुळीत होतो.

शेतकरी वाफसा (ओल उतरून रान मशागतीजोगं होणं) आल्याशिवाय रानात पाळी घालत नाही. गाडीलाही हाच नियम लावा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाका. गोळा फुटला तर वाफसा आहे, जाता येईल. चपटा होऊन चिकटून बसला तर गाडी डांबरीवरच ठेवा. ओल्या पाणंदीतून एक गाडी गेली की पडलेल्या चाकोऱ्या वाळून दगड होतात आणि पुढचे कित्येक महिने बैलगाडीवाल्याला त्रास देतात. हौस आपली, रस्ता सगळ्या शिवाराचा.

पैसे घालायचा क्रम असा ठेवा: आधी मूळ गाडी ठणठणीत करणं, मग टायर आणि हवा, मग रुतलेली गाडी बाहेर काढायचं सामान, आणि हे तिन्ही झाल्यावरच उंची, लाइट, बंपर. बहुतेक घरांत हे उलट होतं. आधी लोखंडी बंपर आणि छतावर लाइटची पट्टी येते, आणि टायर मात्र टक्कल पडलेले. ज्या गाडीतून लेकरं शाळेत आणि आजी दवाखान्यात जाते तीच गाडी रानात न्यायची आहे, हे प्रत्येक बदल करताना डोक्यात असू द्या.

गाडी कुठली

यावर फार शब्द घालवत नाही. थार, जिमनी, गुरखा, जुनी जिप्सी, व्ही-क्रॉस, घरातली जुनी मेजर किंवा कमांडर जीप, सगळ्या इथे चालतात. घरात माणसं जास्त असतील आणि नव्याने घ्यायची असेल तर गुरखाचा विचार जरूर करा. दोन्ही अ‍ॅक्सलचे डिफरन्शियल लॉक (वळताना डाव्या-उजव्या चाकांना कमी-जास्त फिरू देणाऱ्या डिफरन्शियलचं कुलूप, लावलं की दोन्ही चाकं सोबत फिरतात) आणि स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) कंपनीकडूनच येतं, म्हणजे तेवढे बदल कागदोपत्रीही स्वच्छ. जिमनी हलकी, साधारण १,२०० किलोची, म्हणून चिखलात कमी रुतते. थार ताकदीला आणि सुट्या भागांना सोपी.

जुनी गाडी घेताना एक गोष्ट तपासाच. थार २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपातही येते आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. आत गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा आहे का बघा. असेल तर सैल मुरमावर फोर-हाय (चारही चाकांना ताकद, वेग नेहमीचा) टाकून स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश फिरवा. गाडी अडखळत, ओढत वळली तर पुढचा अ‍ॅक्सल खरोखर जोडला जातोय. अगदी हलकी वळली तर काहीतरी सुटलेलं आहे. जुन्या जीपमध्ये पुढच्या चाकांचे फ्री-व्हील हब (चाक शाफ्टला जोडणारं-सोडणारं कुलूप) हाताने फिरवून बघा. वर्षानुवर्षं न वापरल्याने ते जाम झालेले असतात.

याच अडखळण्यामुळे कोरड्या डांबरीवर फोर-हाय टाकायचं नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. या गाड्यांत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये मधलं (सेंटर) डिफरन्शियल नसतं, त्यामुळे तो फरक कुठेच निघत नाही आणि पीळ ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या डब्यात), शाफ्टच्या क्रॉसमध्ये (सांध्यात) साचत जातो. मुरमावर चाक थोडं घसरून पीळ सोडवतं, डांबरीवर सोडवू शकत नाही. फोर-लो (चारही चाकांना ताकद, वेग कमी आणि ओढ जास्त) टाकताना गाडी पूर्ण थांबवा किंवा माणूस चालतो त्याहून हळू ठेवा, क्लच दाबा, मग दांडा ओढा. महिन्यातून एकदा पाच-दहा किलोमीटर कच्च्या रस्त्यावर फोर-हाय चालवा, नाहीतर तेल पोचत नाही आणि ऐन गरजेला दांडा बसत नाही.

आधी तेलं बघा

डिफरन्शियलचं तेल बदलताना आधी वरचं, भरायचं बूच उघडा. ते उघडलं तरच खालचं सोडा. उलट केलं आणि वरचं बूच जाम निघालं तर रिकामं डिफरन्शियल घेऊन गाडी जागेवर बसते. ही चूक चांगले मिस्त्रीही करतात. तेल दुधाळ, कॉफीसारखं निघालं तर आत पाणी गेलंय. नुसती शंका असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी खालचं बूच अर्धा-एक आटा सैल करा. पाणी जड, तळाला बसतं, तेच आधी थेंबथेंब येतं. पाणी दिसलं तर चालढकल नको, बेअरिंग गंजायला वेळ लागत नाही.

तेलाचा दर्जा गाडीच्या पुस्तिकेतला. डिफरन्शियलला बहुधा जीएल-५ लागतं. तेच उरलेलं तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नका. पुस्तिकेत जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-५ मधली गंधकयुक्त रसायनं गिअर जुळवणाऱ्या सिंक्रोच्या पितळेला खाऊ शकतात.

ब्रीदरची नळी : पहिला बदल हाच

कमी पैशात सर्वांत जास्त वाचवणारा बदल कुठला म्हणाल तर हा. डिफरन्शियलच्या हौसिंगवर वरच्या बाजूला आळिंबीच्या टोपीसारखं एक छोटं झाकण असतं, तो ब्रीदर. गाडी पळाली की हौसिंग तापतं, आतली हवा फुगते आणि त्यातून बाहेर जाते. मग गाडी ओढ्याच्या गार पाण्यात शिरते, हवा झटकन आकसते आणि आत ओढ लागते. ब्रीदर पाण्याखाली असेल किंवा चिखलाने बुजला असेल तर पाणी ऑइल सीलच्या कडेने आत जातं. काळ्या मातीत ब्रीदर बुजणं नेहमीचंच. बुजल्यावर उलटही होतं: आतला दाब बाहेर पडायला वाट नाही, मग तेल पिनियन सीलमधून किंवा हबमधून गळायला लागतं आणि माणूस सील बदलत बसतो.

उपाय म्हणजे ब्रीदरला नळी जोडून ती बोनेटखाली उंचावर नेणं. पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, असे चार ब्रीदर असू शकतात. पुस्तिकेत किंवा गाडीखाली सरपटून आधी मोजा. काही गाड्यांत कंपनीच नळ्या वर नेते, तिथे फक्त नळी फाटली आहे का ते बघायचं.

गाडी सपाट जागी, इंजिन थंड. ब्रीदरभोवतीची जागा ब्रशने घासून, हवा मारून स्वच्छ करा. उघडताना एक खडा आत पडला तर सगळा खटाटोप अंगाशी येईल. ब्रीदर काढून दुकानात न्या आणि त्याच आट्यांचं निपल घ्या, अंदाजाने नको. नळी तेलाला टिकणारी, फ्युएल लाइनची रबरी, आतून बहुधा ६ ते ८ मिमी, निपलला घट्ट बसेल अशी. मागच्यासाठी तीन-चार मीटर लागते. गवंड्याच्या लेव्हलची पारदर्शक नळी वापरू नका, ती उष्णतेने चपटी होते किंवा कडक होऊन फुटते. नळी चॅसिसच्या आतल्या बाजूने न्या, सायलेन्सरच्या पाइपापासून किमान वीतभर लांब. ब्रेकच्या पाइपाला बांधू नका, चॅसिसला स्वतंत्र क्लिप लावा.

अ‍ॅक्सलजवळ नळीला ढील ठेवणं महत्त्वाचं. गाडी चॅसिसखाली जॅक लावून उचला, चाक पूर्ण लोंबू द्या आणि तेव्हाही नळी ताणत नाही ना ते बघा. मग खाली सोडून ती कुठे चेमटत तर नाही ना तेही बघा. जोडायच्या आधी नळीच्या एका टोकातून फुंकर मारा, दुसरीकडून हवा मोकळी आली पाहिजे. वरचं टोक फायरवॉलजवळ सर्वांत उंच जागी, तोंड खाली वळवून, पेट्रोलचा छोटा फिल्टर लावून ठेवा. वर्षातून एकदा फिल्टर बदला. एवढं काम दोन माणसांचं, एका दुपारचं. एक गाडीखाली, एक बोनेटपाशी.

टायर आणि हवा

एटी (ऑल-टेरेन, सगळीकडे चालणारा) की एमटी (मड-टेरेन, चिखलाचा) टायर? मराठवाड्यातल्या घरच्या गाडीला एटी. वर्षातले बहुतेक दिवस गाडी डांबरी, मुरूम आणि खडीवर असते. एमटीचे मोठे ठोकळे फिरताना चिखल फेकतात, म्हणून काळ्या रानात तो सरस, पण ओल्या डांबरीवर त्याचा ब्रेक लांबतो, आवाज वाढतो, डिझेल जास्त जातं. शेताचा रस्ताच काळ्या मातीतून असेल आणि पावसाळ्यातही रोज जाणं असेल, तर मात्र एमटीला पर्याय नाही. तसं असेल तर फार रुंद घेऊ नका. वर निसरडी आणि खाली टणक, अशा थरात अरुंद टायर राड कापून खाली पकड घेतो. खोल मऊ चिखलात आणि वाळूत रुंद टायर तरंगतो. आपल्याकडे पहिला प्रकार जास्त.

मापाचा हिशोब कागदावर करा. जिमनीचा मूळ टायर १९५/८० आर १५ (रुंदी १९५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १५ इंची), बाहेरचा व्यास सुमारे ६९३ मिमी. २१५/७५ आर १५ घातला तर ७०३ च्या आसपास, दीड टक्का वाढ, काही बिघडत नाही. २३५/७५ आर १५ घातला तर ७३३, म्हणजे जवळपास सहा टक्के. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०६ ने पळत असेल, फोर-लो तेवढंच वेगवान होईल, पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या लायनरला घासू शकेल, आणि या सगळ्याच्या बदल्यात जमिनीपासूनची उंची वाढेल फक्त २० मिमी, कारण व्यासाची निम्मीच वाढ खाली येते. १८ इंची रिमच्या थारला २५५/६५ आर १८ असतो, व्यास सुमारे ७८९ मिमी. तिथेही दोन टक्क्यांच्या आत राहा.

हवेबद्दल. रस्त्यावरचा आकडा दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरचा, टायर थंड असताना मोजलेला. तिथून पुढे अंदाज असे: खडी-मुरमाच्या रस्त्यावर २४ ते २६ पीएसआय, दगडधोंड्यांत २० ते २२, कोरड्या वाळूत १५-१६. जिमनी, जिप्सीला दोन-तीन पीएसआय आणखी कमी चालतं. १८ च्या खाली गेलात तर वेग २० च्या आत आणि झटक्याने वळणं बंद, नाहीतर टायर रिमवरून उतरतो. डांबरीला लागण्याआधी हवा भरायचीच. मे महिन्यात पारा ४२ वर असताना कमी हवेचा टायर महामार्गावर पळवला तर बाजूच्या भिंती वाकून वाकून तापतात आणि टायर फुटतो.

आता आपल्याकडची खास अडचण. कापूस-तूर निघालेल्या रानात पऱ्हाटीचे आणि तुरीचे खुंट उभे असतात. विळ्याने तिरपे कापलेले, भाल्यासारखे. तिथे हवा कमी करू नका. कमी हवेने टायरची बाजू बाहेर फुगते आणि खुंट नेमका तिथेच घुसतो. बाजूच्या भिंतीचं पंक्चर प्लगने निघत नाही, टायर गेलाच समजा. बाभळीचा काटा ट्रेडमध्ये घुसतो, तो मात्र रबरी स्ट्रिपने रस्त्यातच निघतो. म्हणून अशा रानात हवा पूर्ण ठेवा, पिकाच्या तासांच्या रेषेत चला, खुंट चाकाच्या मधोमध येऊ द्या, बाजूला नको.

हवा भरायचा पंप घेताना अ‍ॅम्पिअर बघा. १५ अ‍ॅम्पिअरच्या वरचा पंप लायटरच्या सॉकेटला लावला की फ्यूज उडतो. तो थेट बॅटरीला चिमट्यांनी लावायचा, इंजिन चालू ठेवून. दोन टायर झाले की पाच-दहा मिनिटं विसावा द्या.

गाडी रुतली तर

पहिली गोष्ट, अ‍ॅक्सिलरेटर सोडा. दोन-तीन सेकंद चाक नुसतं फिरलं तेव्हाच गाडी जाणार नाही हे कळलेलं असतं. पुढे फिरवलं की चाक खड्डा करतं आणि गाडीचं पोट टेकतं. पोट टेकलं की वजन चाकांवर राहत नाही, मग चारही चाकं फिरली तरी उपयोग नाही. म्हणून आधी चाकापुढे नाही, पोटाखाली उकरा. मग चाकांपुढे उतार करा, रिकव्हरी ट्रॅक (चाकाखाली घालायच्या खाचांच्या पट्ट्या) किंवा भिजवलेली बारदानं घाला, आणि ज्या चाकोरीने आत आलात त्याच चाकोरीने रिव्हर्स निघायचा प्रयत्न करा. ती वाट दाबलेली असते. स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत राहा, टायरच्या कडा बाजूच्या भिंतीला धरतात. ज्या गाड्यांत फिरणारं चाक ब्रेकने रोखून ताकद दुसरीकडे देणारी यंत्रणा आहे, तिथे मात्र अ‍ॅक्सिलरेटर हलका पण एकसारखा धरून ठेवावा लागतो. झटके दिले की ती यंत्रणा जागी होत नाही.

काळ्या मातीत जॅक खाली जातो, गाडी वर येत नाही. १८ मिमीच्या प्लायवूडचा फूटभर चौकोनी तुकडा स्टेपनीशेजारी कायम ठेवा.

मराठवाड्यात मदतीला सर्वांत आधी येतो तो ट्रॅक्टर, आणि अपघातही तिथेच होतो. ट्रॅक्टरवाला साखळी टाकतो आणि झटका देतो. साखळी ताणत नाही. तुटली की तिची कडी गोळीसारखी उडते. दोरी तुमची द्या, हूक तुमचा दाखवा आणि ट्रॅक्टरवाल्या दादांना सांगा: पहिला लो गिअर, ढील काढून घ्या, मग सावकाश एकसारखं ओढा, झटका नको. दुसऱ्या गाडीने ओढायचं असेल तर ताणणारी, कायनेटिक दोरी लागते. ९ मीटर लांब, तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या तीन-चार पट, म्हणजे थारसारख्या गाडीला ८ टनांच्या आसपास. शॅकल (दोरी हुकाला जोडणारी पिनवाली लोखंडी कडी) पाऊण इंची, ४.७५ टनांचा शिक्का असलेला. पिन पूर्ण आवळून पाव आटा मागे सोडा, नाहीतर ताण पडल्यावर निघत नाही. टोइंगचा गोळा आणि ट्रकवर गाडी बांधायच्या कड्या हे ओढायचे हूक नाहीत. दोरीच्या मध्यावर ओलं बारदान किंवा जाड सतरंजी टाका. बघ्यांना दोरीच्या दीड पट लांब पाठवा. हे शेवटचं सर्वांत अवघड, कारण दहा मिनिटांत अर्धा गाव गोळा होतो. घरातल्या एकाने फक्त हेच काम करावं.

विंच (केबल गुंडाळून गाडी ओढणारं, बंपरवरचं यंत्र)? आपल्याकडे थांबा म्हणतो. विंच बांधायला झाड लागतं आणि काळ्या रानात ते बांधावर, पन्नास मीटर लांब असतं. वर पंचवीस-तीस किलो नाकावर आणि रेडिएटरची हवा अडते. ज्यांनी लावलंच आहे त्यांनी झाड नसताना स्टेपनी गाडायला शिकावं: गुडघ्याहून खोल चर, त्यात स्टेपनी उभी, ओढीच्या काटकोनात, केबल चरातून तिरपी बाहेर.

उंची आणि वजन

४० ते ५० मिमीच्या वर उचलू नका. थारच्या पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये जास्त उचललं की ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतो, आत धूळ जाते आणि जॉइंट टकटक वाजायला लागतो. जिमनीच्या सलग अ‍ॅक्सलमध्ये कॅस्टरचा कोन (स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा तिरपेपणा) कमी होतो, स्टिअरिंग सरळ राहत नाही, आणि टायरॉड किंवा किंगपिन आधीच ढिला असेल तर साठ-सत्तरच्या वेगाला पुढचं टोक जोरात थरथरतं. कॅस्टर सुधारायचे बुश त्याच दिवशी घाला. स्प्रिंगचे पाटे असलेल्या जुन्या जीपला एक पाटा वाढवून उंची मिळते, पण चाल लाकडासारखी होते. पाटे सोडवून, कमान पुन्हा देऊन, मधे ग्रीस लावणं कधीही बरं. यू-बोल्ट शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. आणि गाडी उचललीत तर आजीसाठी पायरी त्याच बिलात धरा.

वजनाचा अंदाज कुणालाच येत नाही. मोंढ्याजवळच्या, जिनिंगच्या किंवा कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी न्या. सगळी माणसं, भरलेली टाकी, नेहमीचं सामान. आधी पूर्ण, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून. आरसीवरच्या एकूण वजनातून वजा करा. लोखंडी बंपर, छतावरचा कॅरिअर, दुसरी स्टेपनी यांना जागा उरते की नाही ते तिथेच कळतं. बहुतेक वेळा उरत नाही.

धूळ, ऊन, पाणी

एअर फिल्टर पुस्तिकेत सांगितलंय त्याच्या निम्म्या अंतरावर बघा. हवा मारायची तर आतल्या, स्वच्छ बाजूने बाहेर, कमी दाबाने. उलट मारली की धूळ कागदात रुतते. तेल लावलेले धुवायचे फिल्टर आपल्या बारीक धुळीला पुरे पडत नाहीत, आणि त्यांचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं.

रेडिएटरच्या जाळीत कापसाचे पुंजके आणि गाजरगवताचं बी अडकतं. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, हलक्या धारेने, जोराच्या धारेने पत्रे वाकतात. कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालू नका. आपलं पाणी जड, आत क्षाराचा थर बसतो आणि मे महिन्यात काटा चढायला लागतो. डिस्टिल्ड पाण्याचा एक कॅन गाडीत ठेवा.

पाण्याबद्दल स्पष्टच. थार ६५० मिमी पाण्यातून जाते असं कंपनी सांगते, ते साचलेल्या पाण्याचं. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान कार नेतं, दोन फुटांत एसयूव्हीही उचलली जाते. स्नॉर्केल इंजिनाला हवा देतं, गाडीला वजन देत नाही. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. गोदावरी-सिंदफणेच्या पात्रात वाळू उपसलेले खोल खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. नाथसागराच्या काठी वरून वाळलेली पपडी आणि खाली गुडघाभर गाळ असतो. आधी माणूस चालवा, टाच रुतली तर गाडी नको. शिवाय जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, गौताळ्याचं जंगलही राखीव, तिथे वाट सोडून चाकं घालायची नाहीत. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर ओढा, फिल्टर ओला आहे का बघा, ओला असेल तर मिस्त्रीशिवाय हात लावू नका.

रानातून आल्या दिवशीच गाडी धुवा. काळी माती रिमच्या आतल्या बाजूला वाळली की चाकाचं बॅलन्स जातं आणि सत्तर-ऐंशीला स्टिअरिंग हलतं. लोक अलाइनमेंटला पैसे देतात आणि दोष अर्ध्या किलो मातीचा निघतो. थार, जिमनीला मागे ड्रम ब्रेक आहेत. पावसाळा संपला की ड्रम उघडून आतली माती काढा, ती लायनिंग पॉलिश पेपरसारखी खाते.

लाइट आणि कायदा

जुन्या जीप-जिप्सीला हेडलाइट मंद वाटत असेल तर बल्ब नाही, वायर बदला. रिले (बटणावर भार न टाकता जास्त वीज जोडणारा स्विच) लावून बॅटरीपासून थेट २.५ चौरस मिमी वायर ओढा. ५५ वॅटचे दोन बल्ब साधारण ९ अ‍ॅम्पिअर घेतात, १५ चा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. छतावरचे लाइट सार्वजनिक रस्त्यावर झाकलेले.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. कलम १८२ए नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढच्या क्रॅश गार्डवर (बंपरपुढच्या लोखंडी चौकटीवर) कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं होतं. तो एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडवतो आणि धडकलेल्या पादचाऱ्याला जास्त इजा करतो. घरच्या गाडीला तो लावूच नका. बाकी जे लावाल ते विमा कंपनीला लेखी कळवा.

घरात कामं वाटून द्या

गाडी सगळ्यांची तर कामही सगळ्यांचं. एक वही डॅशबोर्डच्या कप्प्यात: तारीख, किलोमीटर, काय बदललं, कोणी. लेकरांकडे हवेचा गेज द्या, थंड टायर मोजून आकडे वहीत लिहायचे. चाकाच्या नटांवर आणि यू-बोल्टवर रंगाची रेघ त्यांनाच मारू द्या, अर्धी नटावर, अर्धी बाजूला. रेघ तुटलेली दिसली की नट सैल झालाय, हे दहा वर्षांचं पोरही ओळखतं. चाक काढून बसवलं की पन्नास-शंभर किलोमीटरवर नट पुन्हा आवळायचे.

अवघड जागी खाली उतरून वाट दाखवणारा माणूस एकच. बाकीच्यांनी ओरडायचं नाही. तो ड्रायव्हरला दिसेल असा समोर, उतारावर कधीही गाडीच्या खालच्या बाजूला नाही. खुणा घरीच ठरवा: अंगठा ज्या बाजूला त्या बाजूला स्टिअरिंग, उघडा तळवा म्हणजे जागेवर थांब. ड्रायव्हरला माणूस दिसेनासा झाला तरी थांबायचं. आईने, वहिनीने, काकांनी, प्रत्येकाने एकदा तरी कोरड्या माळावर फोर-लो टाकून, क्लचला पाय न लावता पहिल्या गिअरमध्ये उतार उतरून बघावा, जॅक लावून चाक बदलावं. जो नेहमी चालवतो त्याचाच हात मोडला तर गाडी आणायची कुणी?

वर्षाचा मेळ सणांशी बसतो. मृग लागायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, वायपर, ब्रीदरच्या नळ्या, टायरच्या खाचा. होळीनंतर कूलंट, रेडिएटर, फॅनचा पट्टा. आणि पावसाळा सरल्यावर, खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी, मोठं काम: दोन्ही डिफरन्शियलचं तेल, ड्रम, हब, शाफ्टच्या क्रॉसना नवं ग्रीस येईपर्यंत ग्रीस. खंडेनवमीला पान्हे, जॅक, शॅकल पूजेला मांडलेलेच असतात. मांडण्याआधी शॅकलची पिन वाकली का बघा, दोरी हातातून पूर्ण सरकवून तुटलेले धागे शोधा, चिखलाने कडक झालेली दोरी साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. नटांवरच्या रेघा त्याच दिवशी नव्याने मारून घ्या.